तारेने आवाज सुधारतो का?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात तार ही काही नवलाची वस्तू नाही. १९५८ साली पुण्यात सुरू झालेल्या फिनोलेक्सच्या केबली पिंपरीत तयार होत आल्या आहेत, आणि चाकणच्या मोटार कारखान्यांत कामाला जाणाऱ्या आपल्या मुलांच्या हातून रोज किती तारा जातात याला गणती नाही. तरीही चाकणजवळच्या एका शाळेतले गुरुजी परवा तारेचीच अडचण घेऊन आले.

शाळेत लोकवर्गणीतून लॅपटॉप, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आले आहेत. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये एक लहानशी डबी असते. लॅपटॉपमधून यूएसबीची तार तिच्यात जाते. आवाजात घरघर येते म्हणून गुरुजी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ही साधी तार टाकून द्या. चांदीचा मुलामा दिलेली घ्या, आवाज कसा खुलतो बघा!" किंमत चार हजार. वर्गणीतले शिल्लक होते साडेचार हजार. "घेऊ का?" असे गुरुजींनी विचारले.

आता असे पाहा. लॅपटॉपमधले गाणे म्हणजे आवाज नव्हे, ते नुसते आकडे असतात. सीडीच्या प्रतीचे गाणे असेल तर डाव्या-उजव्या बाजूंचे मिळून सेकंदाला १४,११,२०० शून्य-एकच्या खुणा तारेतून जातात. त्या आकड्यांची विजेची लाट करते ती डबी. तिच्या अलीकडे तारेत सूरही नाही आणि गोडवाही नाही.

चाकणच्या कांदा बाजारातून कोणी फोन केला, "क्विंटलला दीड हजार", तर फोन थोडा खरखरला म्हणून दीड हजाराचे पावणेदोन हजार होत नाहीत. फोन महागडा असला म्हणून भाव चढतही नाही. चढला असता तर शेतकऱ्याला आणखी काय हवे होते! मात्र फोन अगदीच तुटत असेल, तर आकडा ऐकूच येणार नाही. यूएसबी तारेचेही असेच आहे. फाइल नकलताना चुकलेला तुकडा यंत्र पुन्हा मागवते. गाणे चालू असताना मात्र पुन्हा मागवायला सवड नसते. चुकलेला तुकडा गेलाच. मग 'टक्' असा आवाज येतो किंवा गाणे तुटते. ते फिके पडत नाही. आणि सुस्थितीतल्या तारेला हे ओझे किरकोळ आहे. १९९६ साली निघालेली पहिली यूएसबीसुद्धा सेकंदाला १ कोटी २० लाख खुणा नेऊ शके; २००० सालच्या सुधारित प्रकाराची मजल ४८ कोटींवर गेली. लांबी पाच मीटरच्या आत ठेवली की शे-दोनशेची चांगली तार पुरते.

"आकडे पोचतात हो, पण वेळेवर पोचत नाहीत," असेही विक्रेते सांगतात. चांगल्या डबीत स्वतःचे घड्याळ असते. पंप धक्के देत चालला तरी टाकीतून नळाला पाणी एकसारखे येते, तसे ती थोडे आकडे साठवून ठेवते आणि आपल्याच ठेक्यात पुढे देते.

मग घरघर आली कुठून? यूएसबीच्या साध्या तारेत चार तारा असतात. दोन निरोप नेतात. त्या एकमेकींना पीळ घातलेल्या असतात. मोटारगाडीतल्या निरोपाच्या तारांनाही असाच पीळ असतो. शेजारच्या मोटरचा किंवा वेल्डिंगचा उपद्रव दोघींवर सारखाच होतो, आणि घेणारे यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचते. उरलेल्या दोन तारा पाच व्होल्टची वीज नेतात, आणि गोम आहे ती इथे. चार्जरची किंवा अर्थिंगची घरघर या वाटेने डबीत शिरून पुढे अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाते. चांदीचा मुलामा तिला अडवीत नाही.

लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. घरघर थांबली तर चोर सापडला. मग बॅटरीवर ऐकावे, किंवा सगळी यंत्रे एकाच बोर्डावर लावून पाहावी. तेवढ्याने भागले नाही, तर आयसोलेटर नावाची डबी दोन्हीकडचा विजेचा संबंध तोडते. घरघर असेल तिथे या वस्तूचा उपयोग खरा आहे. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे लोक मी पाहिले आहेत. हे कदापि करू नये, जिवावर बेतेल. स्पीकरच्या तारेची गोष्ट मात्र निराळी. तिच्यातून प्रत्यक्ष आवाजाची वीज वाहते, म्हणून लांब अंतराला ती जाड हवी.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गातही करावा. तारा पडद्याआड ठेवाव्या, नाणे उडवून त्यातली एक जोडावी, आणि मुलांनी स्वस्त की महाग ते ओळखावे. असे दहा वेळा. नुसत्या अंदाजाने पाचेक उत्तरे बरोबर येतातच; नऊ किंवा दहा बरोबर येण्याचा योग शंभरात जेमतेम एकदा.

गुरुजींनी चार्जर काढला आणि घरघर थांबली. वर्ग पत्र्याचा, भिंती उघड्या, त्यामुळे शब्द घुमत होते. चार हजारांतून त्यांनी जाड कापडाचे पडदे शिवून घेतले. आता शेवटच्या बाकावरच्या मुलांनाही कवितेचा शब्द न् शब्द कळतो.