कसाऱ्याच्या चढाला किती इंजिन लागते?

कसारा ते इगतपुरी हे रेल्वेचे अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. तेवढ्यात गाडी सुमारे तीनशे मीटर वर चढते. चढाचा कठीण भाग ३७ला १, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. भारतातल्या ब्रॉडगेज मार्गांवर याच्या बरोबरीला बसतील असे चढ भोर घाटासारखे मोजकेच. शेजारच्या मुंबई-आग्रा रस्त्याने मोटारीतून जाणाऱ्याला एवढा चढ जाणवणारही नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरवून तोच चढ चढायचा, तर दर हजार टन वजनामागे सत्तावीस टनांची ओढ नुसत्या चढासाठी लागते. चाकांचा आणि वळणांचा विरोध त्याच्यावर.

या थळ घाटाला किती मोठे इंजिन पुरेल, हा प्रश्न शहापूर तालुक्याच्या या टोकाला दीडशे वर्षांहून अधिक काळ सोडवला जातो आहे. माझ्या मते महाराष्ट्रातल्या यंत्रविद्येचा इतका सलग इतिहास दुसऱ्या कुठल्या एका ठिकाणी सापडणे कठीण. वाफ, डीसी वीज, एसी वीज, प्रत्येक डब्याखाली विभागलेल्या मोटरी, सगळ्यांची परीक्षा याच चढावर झाली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत पोचली. पुढचे पंधरा किलोमीटर पार करायला चार वर्षे लागली. इगतपुरी सुरू झाली ती १ जानेवारी १८६५ला. मार्गाची आखणी करणारे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली हे पाहायला राहिले नाहीत, ते १८६२मध्येच वारले. त्यांनी ३७ला १ हा चढ स्वीकारला तोच मुळी नाइलाजाने. सह्याद्रीचा कडा इथे थोड्या अंतरात सरळ उठतो, आणि चढ सौम्य करायचा तर मार्ग लांबवत न्यावा लागतो. तो लांबवायला दऱ्यांनी जागा दिली नाही. म्हणून बोगदे आणि दरीवरचे उंच पूल आले, आणि घाटाच्या मध्यावर गाडीची दिशा उलटी करणारे स्थानकही आले. पुढे मार्ग सुधारला आणि उलटण्याची गरज संपली, तरी घाटातल्या ठाण्यांना आजही टीजीआर-१, टीजीआर-२, टीजीआर-३ म्हणतात. त्यातला ‘आर’ त्या रिव्हर्सिंगचाच.

वाफेच्या काळात घाटासाठी वेगळीच इंजिने ठेवावी लागत. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली, लहान चाकांची, जड इंजिने. टाकी वर घेण्यात मोठे शहाणपण होते. मागे जोडलेल्या टेंडरचे वजन गाडी ओढायला काहीच मदत करत नाही, उलट तेच एक ओझे होते. तेच पाणी इंजिनाच्या स्वतःच्या चाकांवर आणले की चाक रुळाला अधिक घट्ट धरते.

सगळ्या प्रकरणाची गोम इथे आहे. इंजिनाची ताकद म्हटले की आपण अश्वशक्ती विचारतो. घाट मात्र आधी पकड विचारतो. आजच्या लांब पल्ल्याच्या भरलेल्या गाडीचे वजन तेराशे टन धरू. पुढे डब्ल्यूएजी-७ जातीचे एक इंजिन, वजन १२३ टन, ताकद ५,००० अश्वशक्ती. चढ आणि चाकांचा विरोध मिळून या गाडीला साधारण ४३ टनांची ओढ लागते. ताशी २० किलोमीटरने चढायचे तर त्यासाठी सुमारे ३,२०० अश्वशक्ती पुरे. म्हणजे ताकद हवी त्याहून जास्तच आहे. तरीही गाडी चढेल याचा भरवसा नाही, कारण कोरड्या रुळावर चाकाला वजनाच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा एवढीच पकड मिळते. १२३ टनांचा पाव हिस्सा ३१ टन, तिसरा हिस्सा ४१. त्याहून जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी फिरते. ५,००० ऐवजी १०,००० अश्वशक्तीचे यंत्र आत बसवले तरी ते अधिक जोराने जागीच फिरेल, इतकेच.

पाण्यावरही हेच घडते. कावासाकीने १९७३मध्ये उभे राहून चालवायची जेट स्की विकायला आणली तेव्हा तिचे इंजिन ४०० सीसीचे होते. आता त्याच कंपनीच्या तशाच यंत्रात १,४९८ सीसीचे असते. जुन्या हलक्या सांगाड्यात मोठे इंजिन बसवू पाहणाऱ्या हौशी कारागिराला पहिल्यांदा पाणी मागे फेकणारा पंप बघावा लागतो. पंपाच्या पात्याने पाणी धरले नाही तर पात्याभोवती बुडबुडे होतात, इंजिन ओरडते आणि वेग वाढत नाही. सीसीचा आकडा पंपापुढे हतबल होतो, अश्वशक्तीचा आकडा रुळापुढे.

आता घाटातल्या त्याच तेराशे टनांच्या गाडीला मागून दोन इंजिने लावा. एकूण वजन वाढून ओढ ५० टनांवर जाते, पण ती ओढ आता ३६९ टनांच्या इंजिनांमध्ये वाटली गेली. चाकाला वजनाच्या जेमतेम १४ टक्के पकड पुरते. एकच इंजिन मागे लावले तर १९ टक्के लागते. कोरड्या मे महिन्यात या दोन आकड्यांत फारसा फरक वाटणार नाही. जुलैत, धुक्यात, ओल्या रुळावर पकड पंधरा टक्क्यांच्या आसपास घसरते तेव्हा हाच फरक गाडी चढणार की अडणार हे ठरवतो. रुळावर वाळू सोडायची सोय प्रत्येक इंजिनाला असते ती त्याचसाठी.

मागून ढकलणाऱ्या या इंजिनांना कसाऱ्यात सगळे बँकरच म्हणतात. ती मागेच का, पुढे का नाहीत? सगळी इंजिने पुढे जोडली तर पहिल्या कपलिंगवर संपूर्ण गाडीचा ताण येतो. मागून ढकलले की तो वाटला जातो. आणि चढावर कपलिंग तुटलेच तर सुटलेले डबे मागे धावत सुटण्याआधी बँकर त्यांना धरून असतो. तीनशे मीटर उंचीवरून मोकळे सुटलेले डबे काय करतील याचा विचार केला, की बँकर हा ताकदीपेक्षाही सुरक्षिततेचा निर्णय आहे हे ध्यानात येते. उतरणाऱ्या गाड्यांसाठी घाटात कॅच सायडिंग ठेवल्या आहेत त्याही याच भीतीपोटी: ताबा सुटलेली गाडी बाजूच्या चढत्या रुळावर वळवून थांबवायची.

विजेची गाडी या घाटात १९३०मध्ये आली, १,५०० व्होल्ट डीसीवर. रेल्वेने त्यासाठी कल्याणजवळ ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर उभारले. मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधून ४१ इंजिने आली. सुमारे २,६०० अश्वशक्ती, सव्वाशे टन वजन, आणि ते सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवर. मधला भाग उंच, दोन्हीकडे लांब सोंडा, चाकांना जोडणारे दांडे बाहेर हलत असत. चालताना ती डुलत, उभी असताना कण्हल्यासारखा आवाज करत. लोकांनी त्यांना ‘खेकडा’ नाव दिले. त्यांचे सख्खे पूर्वज स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड मार्गावरचे. १८८२मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गाचा कमाल चढ हजाराला २७, म्हणजे जवळजवळ कसाऱ्याएवढाच. आल्प्ससाठी घडलेले यंत्र सह्याद्रीला बरोबर बसले. उतरताना खेकड्याच्या मोटरी वीज तयार करून तारेत परत सोडत, आणि चढणाऱ्या गाडीला ती मिळे. हे तंत्र आज नवे म्हणून मिरवले जाते. थळ घाटात ते नव्वद वर्षांपूर्वी रोज वापरात होते. खेकड्यांनी साठ वर्षे काम केले. त्यांतला ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचा एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. तो कसाऱ्यात असायला हवा होता असे मला मनापासून वाटते.

डीसीची मर्यादा इंजिनात नव्हती, तारेत होती. ५,००० अश्वशक्तीची तीन इंजिने पूर्ण जोरावर चालवायची तर १,५०० व्होल्टवर जवळपास साडेसात हजार अँपिअर प्रवाह लागेल. एवढा प्रवाह वाहायला तारही जाड हवी आणि उपकेंद्रेही थोड्या-थोड्या अंतरावर. तेच काम २५,००० व्होल्टवर साडेचारशे अँपिअरमध्ये होते. २००६मध्ये या घाटात एसी वीज आली आणि मोठी इंजिने खऱ्या अर्थाने मोठी ठरली.

बँकरची किंमत वेळेत मोजावी लागते. कसाऱ्याला थांबा, इंजिने जोडा, ब्रेक तपासा, वर इगतपुरीला पुन्हा सोडवा. त्या थांब्यावर वडापाव विकणाऱ्यांची आणि उन्हाळ्यात द्रोणात करवंदे घेऊन येणाऱ्या आदिवासी बायकांची कमाई चालत आली, हे हिशेबात धरायला हवे. वेळ वाचवण्याच्या बातम्यांत त्यांचा उल्लेख येत नाही. २०१९मध्ये सुरू झालेल्या नाशिकमार्गे मुंबई-दिल्ली राजधानीला दोन्ही टोकांना एकेक इंजिन लावले आणि बँकरचा थांबा गेला. १० फेब्रुवारी २०२३ला मुंबई-शिर्डी वंदे भारत आली. तिला वेगळे इंजिनच नाही. निम्म्या चाकजोड्यांना मोटरी आहेत, म्हणून गाडीचे निम्मे वजन, त्यात बसलेल्या प्रवाशांसकट, पकडीच्या कामी येते. लागणारी पकड सात टक्क्यांच्या आत उतरते. पाण्याची टाकी बॉयलरवर चढवणाऱ्याने जे ओळखले होते, तेच इथे पूर्णत्वाला गेले आहे. मालगाडीला मात्र हा मार्ग मोकळा नाही, तिच्या वाघिणींना मोटरी नसतात. तिच्यासाठी बँकर राहणारच.

निदान चढ आहे तोवर. स्विसांनी २०१६मध्ये गॉटहार्डच्या पायथ्याखालून ५७ किलोमीटरचा बोगदा उघडला आणि चढच काढून टाकला. समृद्धी महामार्गानेही ५ जून २०२५ला खुल्या झालेल्या शेवटच्या टप्प्यात कसारा-इगतपुरीचा डोंगर सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने ओलांडला. कसारा ते मनमाड नव्या रेल्वेमार्गांच्या योजनेतही घाटाचा चढ १००ला १ ठेवण्याचा विचार आहे. त्या चढावर वर धरलेल्या गाडीची ओढ ४३वरून १९ टनांवर येईल आणि एकटे डब्ल्यूएजी-७ पावसातही जवळपास पुरेल. पण तीनशे मीटर उंची १००ला १ने गाठायची म्हणजे निदान तीस किलोमीटर मार्ग हवा, आज आहे त्याच्या दुप्पट, आणि त्याचा मोठा भाग काळ्या कातळातून खोदायचा. बर्कलींच्या हातात सुरुंगाची दारू आणि माणसांचे हात होते, म्हणून त्यांनी जास्तीचे वजन इंजिनावर टाकले. आता खोदणारी यंत्रे आहेत, आणि ते वजन डोंगरावर टाकता येते.