एक ‘फादर’, दुसरे ‘रेव्हरंड’: कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट यांच्यात नेमका फरक काय?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक ही दोन नावं मराठी वाचकाला परकी नाहीत. दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तर टिळक हे आधुनिक मराठी कवितेतलं महत्त्वाचं नाव. दोघेही ख्रिस्ती धर्मगुरू. पण दिब्रिटो अविवाहित राहिले आणि टिळकांच्या संसाराची गोष्ट तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून अजरामर केली.

धर्म एकच, मग एका धर्मगुरूला संसार चालतो आणि दुसऱ्याला का नाही? कारण वसईचे दिब्रिटो कॅथलिक होते आणि अहमदनगरच्या मराठी मिशनशी जोडलेले टिळक प्रोटेस्टंट. या दोघांशिवाय तिसरा मोठा प्रवाह आहे, तो ऑर्थोडॉक्स. येशू ख्रिस्त, क्रूस आणि पुनरुत्थान यांवर तिघांचाही विश्वास आहे. मग फरक कुठे आहे?

तीन वाटा कधी फुटल्या?

पहिली हजार वर्षं रोम आणि कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) ही ख्रिस्ती जगाची दोन बलाढ्य केंद्रं होती. रोमची भाषा लॅटिन, कॉन्स्टँटिनोपलची ग्रीक. रोमच्या पोपचा अधिकार सगळ्यांवर चालतो का, हा त्यांच्यातला जुना वाद होता. त्यात पश्चिमेकडच्या चर्चने श्रद्धेच्या मूळ मसुद्यात एक शब्द वाढवला. पवित्र आत्मा ‘पित्यापासून’ निघतो, असं मूळ वाक्य होतं. पश्चिमेने त्यात ‘आणि पुत्रापासून’ अशी भर घातली. सगळ्यांना न विचारता मसुदा बदललाच कसा, हा पूर्वेचा आक्षेप होता.

१०५४ मध्ये रोमच्या दूताने आणि कॉन्स्टँटिनोपलच्या प्रमुखाने एकमेकांना बहिष्कृत केलं. तरीही दुरावा खऱ्या अर्थाने पक्का झाला तो १२०४ मध्ये. चौथ्या धर्मयुद्धासाठी निघालेल्या पश्चिमेच्या सैन्याने ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच लुटलं. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स आणि पश्चिमेकडचे कॅथलिक ही विभागणी तेव्हापासून कायम झाली.

दुसरी फूट पश्चिमेतच पडली. जर्मनीत त्या काळी चर्चकडून ‘इंडल्जन्स’ मिळत. म्हणजे पैसे द्या आणि पापांबद्दल भोगाव्या लागणाऱ्या शिक्षेत सूट मिळवा, असा व्यवहार सुरू झाला होता. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूने याविरोधात ९५ मुद्दे मांडले. वाद पैशांवरून पेटला, पण लवकरच मूळ प्रश्नावर आला: माणसाचं तारण होतं कसं? ल्यूथरचं उत्तर होतं, फक्त देवाच्या कृपेने आणि फक्त विश्वासाने. कॅथलिक चर्चही तारण कृपेनेच होतं असं मानतं, पण त्या कृपेला साथ देणारी सत्कृत्यं आणि चर्चचे संस्कार तारणाच्या वाटेचा भाग आहेत, असं त्याचं म्हणणं. १५२९ मध्ये ल्यूथरच्या बाजूच्या राजांनी आणि शहरांनी श्पायरच्या सभेत निषेध नोंदवला. त्या ‘प्रोटेस्ट’वरून नाव पडलं, प्रोटेस्टंट.

शेवटचा शब्द कुणाचा?

एखाद्या प्रश्नावर अंतिम निर्णय कोण देणार? तिन्ही प्रवाहांतले बरेच फरक या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

कॅथलिकांकडे उत्तर आहे: पोप आणि त्यांच्यासोबतचे बिशप. जगभरातल्या सुमारे १४० कोटी कॅथलिकांची एकच रचना आहे. पोप कधीच चुकत नाहीत, असं मात्र हे चर्च म्हणत नाही. १८७० च्या ठरावानुसार पोप जेव्हा श्रद्धा किंवा नीतीबद्दल संपूर्ण चर्चसाठी अधिकृत घोषणा करतात, तेव्हाच ती अचूक मानली जाते. असा प्रसंग विरळाच. १९५० मध्ये मरीयेच्या स्वर्गारोहणाची घोषणा अशी झाली होती.

ऑर्थोडॉक्सांत पोप नाही. ग्रीस, रशिया, सर्बिया, रुमानिया अशी स्वतंत्र चर्च आहेत आणि प्रत्येकाचा प्रमुख वेगळा. कॉन्स्टँटिनोपलच्या प्रमुखाला पहिला मान आहे, पण तो बरोबरीच्यांतला पहिला. पहिल्या सात महासभांचे निर्णय आणि परंपरा हा त्यांचा आधार.

प्रोटेस्टंटांसाठी अंतिम आधार बायबल. म्हणूनच ल्यूथरने बायबल लोकांच्या जर्मन भाषेत आणलं. पण अर्थ लावणारा एकच अधिकारी नसल्याने पंथही वाढत गेले: ल्यूथरन, अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल. त्यामुळे ‘प्रोटेस्टंट असं मानतात’ हे वाक्य नेहमी जपूनच वापरावं लागतं.

बायबलही अगदी सारखं नाही. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३. ऑर्थोडॉक्स परंपरांत आणखी काही पुस्तकांची भर आहे.

लग्न कोणाला चालतं?

रोमच्या लॅटिन परंपरेत धर्मगुरू अविवाहित असतात. बाराव्या शतकात हा नियम कडक झाला. ऑर्थोडॉक्सांत विवाहित पुरुष धर्मगुरू होऊ शकतो, पण दीक्षेनंतर लग्न करता येत नाही आणि बिशप अविवाहितांतूनच निवडतात. प्रोटेस्टंट पाळकांवर असं बंधन नाही. ल्यूथरने स्वतः १५२५ मध्ये कॅथरिना फॉन बोरा या माजी जोगिणीशी लग्न केलं.

स्त्रियांच्या दीक्षेला कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चचा नकार आहे. अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये स्त्रिया पाळक आणि बिशपही होतात.

भाकर आणि द्राक्षारस: एकच कृती, तीन अर्थ

कॅथलिक ‘मिस्सा’ला जातात, मराठी प्रोटेस्टंट ‘उपासने’ला. मिस्साच्या केंद्रस्थानी वेदी आणि ख्रिस्तप्रसाद असतो, तर बहुतेक प्रोटेस्टंट उपासनेत बायबलवाचन, प्रवचन आणि गायनाला जास्त वेळ मिळतो.

येशूने शेवटच्या भोजनात भाकर आणि द्राक्षारस शिष्यांना दिला. त्याची आठवण तिघेही पाळतात. कॅथलिक श्रद्धेनुसार ही भाकर आणि द्राक्षारस दिसायला तसेच राहतात, पण मुळात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. ऑर्थोडॉक्सही ख्रिस्ताची खरी उपस्थिती मानतात, मात्र ती कशी होते याची चिकित्सा न करता तिला गूढ म्हणतात. कॅथलिकांची भाकर बिनखमिराची, त्यांची खमिराची. प्रोटेस्टंटांत एकमत नाही. ल्यूथरने खरी उपस्थिती मानली, स्वित्झर्लंडच्या झ्विंग्लीने हे स्मरण आहे असं म्हटलं. १५२९ मध्ये मारबुर्गला दोघे समोरासमोर बसले, तरी याच मुद्द्यावर बोलणं फिसकटलं.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स सात संस्कार मानतात. बहुतेक प्रोटेस्टंट दोनच: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन.

मरीया, संत आणि मूर्ती

वांद्र्याची माऊंट मेरी किंवा गोव्यातले सेंट झेवियरचे अवशेष ही कॅथलिक श्रद्धेची ठिकाणं. संतांची आराधना होत नाही, त्यांना आपल्यासाठी देवाकडे प्रार्थना करण्याची विनंती केली जाते, असं कॅथलिक सांगतात. ऑर्थोडॉक्सही मरीयेला आणि संतांना मानतात, पण त्यांच्या चर्चमध्ये पुतळ्यांऐवजी ‘आयकॉन’ म्हणजे सपाट पवित्र चित्रं दिसतात. प्रोटेस्टंट प्रार्थना थेट देवाकडेच करतात. त्यांची चर्च त्यामुळे बहुधा साधी असतात. क्रूसाची खूणही वेगळी: कॅथलिक डाव्या खांद्याकडून उजवीकडे जातात, ऑर्थोडॉक्स उजवीकडून डावीकडे.

ईस्टर दोन वेळा का?

ईस्टरची तारीख वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरते. पण बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च त्यासाठी जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरतात. म्हणून २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला आणि ५ मेला असा दोनदा आला. २०२५ मध्ये मात्र सगळ्यांचा ईस्टर २० एप्रिललाच होता. रशियात नाताळ ७ जानेवारीला असतो तोही याच कारणाने. युक्रेनने २०२३ मध्ये सरकारी सुट्टी २५ डिसेंबरला आणली, तेव्हा तो निर्णय मॉस्कोपासून दूर जाण्याचाही होता.

भारतात हे चित्र कसं आहे?

वसई आणि गोव्यातली कॅथलिक परंपरा पोर्तुगीज काळातली. महाराष्ट्रातलं प्रोटेस्टंट काम १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून सुरू झालं. पुढे १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन नागपूरला ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली.

केरळचं मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्च नावाने ऑर्थोडॉक्स असलं, तरी ते ग्रीक-रशियन कुटुंबातलं नाही. ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी स्वरूपावरून ४५१ मध्ये वेगळ्या झालेल्या जुन्या शाखेतलं ते आहे, आणि ईस्टर पाश्चात्त्य तारखेलाच साजरा करतं. उलट केरळचंच सिरो-मलबार चर्च पूर्वेकडच्या पद्धतीने उपासना करतं, पण पोपना मानतं. त्याचं एक धर्मप्रांत आपल्या कल्याणला आहे.

आज याने काय फरक पडतो?

फरक घरात जाणवतो. समजा, नवरा कॅथलिक आणि बायको प्रोटेस्टंट आहे. लग्नासाठी कॅथलिक बाजूला चर्चची परवानगी लागते. लग्नानंतर बायको मिस्साला बसू शकते, पण ख्रिस्तप्रसाद घेण्याची तिला सहसा मुभा नसते. घरातलं ताट एक, चर्चमधलं मात्र वेगळं.

संसार मोडला तर प्रश्न आणखी अवघड होतो. प्रोटेस्टंट चर्च साधारणपणे घटस्फोट स्वीकारतात आणि ऑर्थोडॉक्स चर्च काही अटींवर पुनर्विवाहाला मान्यता देतं. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही. विवाह मुळातच वैध नव्हता, एवढाच निर्णय त्याचं न्यायालय देऊ शकतं. पण हा निर्णय भारतीय कायद्यात घटस्फोट ठरत नाही. तशी मान्यता मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली. म्हणजे चर्चचा कागद हातात असला, तरी दुसऱ्या लग्नाआधी दिवाणी न्यायालयाचा आदेश लागतोच.

दुरावा थोडा कमीही झाला आहे. १०५४ चे बहिष्कार रोम आणि कॉन्स्टँटिनोपलने १९६५ मध्ये मागे घेतले. ज्या तारणाच्या प्रश्नावरून ल्यूथर बाहेर पडला, त्यावर कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी १९९९ मध्ये आउग्सबुर्गला संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पोपचा अधिकार, स्त्रियांची दीक्षा आणि प्रभुभोजन या तीन गाठी मात्र अजून सुटलेल्या नाहीत.