सभासद व्यवस्थापन प्रणाली (सेवा क्लब)

सेवाभावी क्लब, मंडळे व तत्सम स्वयंसेवी संस्थांच्या सभासदांची नोंद, वर्गणी, पदे, उपस्थिती आणि पत्रव्यवहार यांची व्यवस्था एकत्रितपणे ठेवणाऱ्या संगणकीय व्यवस्थेस सभासद व्यवस्थापन प्रणाली असे म्हणतात. चिटणीसाची सभासद नोंदवही, खजिनदाराचे पावतीपुस्तक आणि सभेचे हजेरीपत्रक ही तीन स्वतंत्र दप्तरे तिच्यात एकत्र येतात. सभासद कोण, त्याची वर्गणी कोठपर्यंत भरलेली आहे आणि सभेत मत देण्याचा अधिकार कोणाला आहे, या प्रश्नांची उत्तरे तिच्यातील नोंदींवर अवलंबून असतात. त्यामुळे प्रणालीची उभारणी हे केवळ तांत्रिक काम राहत नाही. संस्थेच्या घटनेचा अर्थ लावण्याचा तो एक भाग ठरतो.

पार्श्वभूमी

रोटरी (स्थापना १९०५) व लायन्स (१९१७) या दोन्ही सेवा संघटनांचा उगम अमेरिकेतील शिकागो येथे झाला. भारतातील पहिला रोटरी क्लब १९२० मध्ये कलकत्ता येथे, तर पहिला लायन्स क्लब १९५६ मध्ये मुंबईत सुरू झाला. नाना चुडासामा यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थापन केलेली जायंट्स ही संघटनाही याच परंपरेतील होय.

या संघटनांत स्थानिक क्लबने आपल्या सभासदांची माहिती मध्यवर्ती कार्यालयास कळवावयाची असते. रोटरीत १ जुलै व १ जानेवारी या दिवशी नोंदलेल्या सभासदसंख्येनुसार क्लबकडून मध्यवर्ती वर्गणी आकारली जाते. सोडून गेलेल्या सभासदाचे नाव त्या तारखेपूर्वी कमी केले नाही, तर त्याची वर्गणी उरलेल्या सभासदांना भरावी लागते. पूर्वी छापील तक्ते टपालाने पाठवून होणारे हे काम आता ‘माय रोटरी’सारख्या संकेतस्थळांवरून होते. ‘क्लबरनर’ व ‘डाकडीबी’ यांसारख्या व्यावसायिक प्रणाली क्लबच्या नोंदी मध्यवर्ती नोंदींशी जुळवून घेतात. कोणत्याही जागतिक संघटनेशी संलग्न नसलेली मंडळे ‘सिव्हीसीआरएम’सारख्या मुक्तस्रोत प्रणालीचा अवलंब करू शकतात. ही प्रणाली ‘वर्डप्रेस’ किंवा ‘ड्रुपल’ यांवर आधारित संकेतस्थळास जोडून वापरता येते.

मूलभूत संकल्पना

प्रणालीत व्यक्ती आणि सभासदत्व या दोन वेगळ्या नोंदी मानल्या जातात. व्यक्तीची नोंद नाव, पत्ता, दूरध्वनी इत्यादींची असते. सभासदत्वाची नोंद प्रकार, प्रारंभदिनांक व समाप्तिदिनांक यांची असते. एखादा सभासद राजीनामा देऊन तीन वर्षांनी परत आला, तर व्यक्तीची नोंद तीच राहते आणि सभासदत्वाची नवी नोंद तिला जोडली जाते. हा भेद लक्षात न घेता एकाच माणसाची दोनदा नोंद केल्यास सभासदसंख्या फुगते.

सभासदत्वाचे प्रकार घटनेनुसार ठरतात. रोटरीत सक्रिय व मानद असे दोन प्रकार असून मानद सभासदास वर्गणी नसते व मताधिकारही नसतो. स्थानिक मंडळांत साधारण, आजीव, आश्रयदाते असे प्रकार आढळतात. आजीव सभासदत्वास समाप्तिदिनांक नसल्याने निधन झालेल्या सभासदांची नावे यादीत वर्षानुवर्षे राहण्याचा संभव असतो. अशा नोंदी काढून न टाकता ‘दिवंगत’ अशी स्थिती नोंदवणे श्रेयस्कर, कारण त्यामुळे संस्थेचा इतिहास टिकतो आणि गणपूर्तीचा हिशेबही चुकत नाही.

वर्षगणना

मुदतीच्या सभासदत्वाचे दोन प्रकार असतात. चल मुदतीत सभासद ज्या दिवशी दाखल होतो, त्या दिवसापासून वर्ष मोजले जाते. स्थिर मुदतीत सर्वांचे वर्ष एकाच दिवशी सुरू होते व संपते. सेवा क्लबांत स्थिर मुदत रूढ असून रोटरी व लायन्स यांचे वर्ष १ जुलै ते ३० जून असते. स्थिर मुदतीत, वर्ष संपण्याच्या सुमारास दाखल झालेल्या सभासदाची वर्गणी पुढील वर्षअखेरपर्यंत धरावी काय, हे ठरवणारी एक तारीख प्रणालीत आधीच नोंदवावी लागते. ती १ मे ठेवली, तर १० मे रोजी दाखल झालेल्या सभासदाचे सभासदत्व त्याच वर्षीच्या ३० जूनला न संपता पुढील वर्षीच्या ३० जूनला संपते.

महाराष्ट्रातील नोंदणीकृत न्यासांचे हिशेब सामान्यतः ३१ मार्चला बंद होतात. परिणामी जुलैत जमा झालेली वर्गणी दोन आर्थिक वर्षांत विभागलेल्या काळाची असते. सभासदत्वाची मुदत आणि रक्कम जमा झाल्याचा दिनांक या दोन बाबी प्रणालीत स्वतंत्र ठेवल्यास लेखापरीक्षणाच्या वेळी गोंधळ होत नाही.

थकबाकी आणि मताधिकार

सभासदाची स्थिती प्रणाली तारखांवरून आपोआप ठरवते. सिव्हीसीआरएममध्ये नवीन, चालू, सवलतकाल, मुदतबाह्य, प्रलंबित, रद्द व दिवंगत अशा स्थिती मुळातच दिलेल्या असतात. समाप्तीनंतर एक महिना सवलतकालाचा धरला जातो आणि त्यानंतर सभासद मुदतबाह्य ठरतो. ही मुदत बदलता येते. तथापि ती न बदलताच प्रणाली वापरात आणली जाण्याची शक्यता असते.

भारतात पुष्कळ मंडळे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये नोंदलेली असतात. या अधिनियमाच्या कलम १५ नुसार, ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्या व्यक्तीस अधिनियमाखालील कार्यवाहीत मत देता येत नाही व तिची सभासद म्हणून गणनाही होत नाही. समजा, वर्गणी १ जुलैला देय आहे आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. प्रणालीतील मूळ नियमाप्रमाणे ऑगस्टच्या आरंभीच थकबाकीदार मुदतबाह्य ठरतील व मतदारयादीतून वगळले जातील. कायद्यातील तीन महिने मात्र तोवर पूर्ण झालेले नसतात. संस्थेच्या घटनेत याविषयी वेगळा नियम नसल्यास अशा वगळण्यावर आक्षेप येऊ शकतो आणि निवडणूक वादात सापडू शकते. यासाठी सवलतकालाची मुदत घटना वाचून, कार्यकारिणीच्या ठरावाने निश्चित करणे आवश्यक असते. प्रणालीने तयार केलेली यादी हा मतदारयादीचा मसुदा मानावा. चिटणीसाने ती पावत्यांशी ताडून पाहिल्यावरच ती अंतिम समजावी.

जुन्या नोंदींचे स्थलांतर

उभारणीतील सर्वाधिक वेळखाऊ टप्पा जुन्या नोंदी प्रणालीत आणण्याचा होय. त्यात पुढील अडचणी नेहमी उद्भवतात.

लिपी: युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या याद्या थेट आयात केल्यास निरर्थक अक्षरे उमटतात. त्या प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात. रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार तपासून पाहणे इष्ट असते.

नावे: महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम रूढ असला, तरी जुन्या नोंदवह्यांत आडनाव आधी लिहिलेले आढळते. सर्व नावे एका क्रमात आणल्याशिवाय दुबार नोंदी ओळखता येत नाहीत. केवळ नावावरून दोन नोंदी एकत्र करणेही धोक्याचे असते, कारण एकाच गावात एकाच नावाच्या दोन व्यक्ती असू शकतात. नावाबरोबर दूरध्वनी क्रमांक वा जन्मदिनांक जुळल्यासच नोंदी एकत्र कराव्यात.

दिनांक: ५ जुलै हा दिनांक ०५/०७ असा लिहिलेला असल्यास महिना आधी मानणारी प्रणाली तो ७ मे असा वाचते. १२ तारखेपर्यंतच्या दिनांकांत ही चूक लक्षात येत नाही.

दूरध्वनी: तक्ता संगणकावर उघडताना देशाच्या क्रमांकासह लिहिलेले १२ अंकी दूरध्वनी क्रमांक संख्या समजले जाऊन त्यांचे रूप बदलते. तो रकाना आधीच मजकूर म्हणून निश्चित करावा लागतो.

आयात करण्यापूर्वी मूळ तक्त्याची प्रत जपून ठेवणे, प्रथम दहा-पंधरा नोंदींवर चाचणी घेणे आणि शेवटी सभासदसंख्या व थकबाकीची एकूण रक्कम जुन्या दप्तराशी जुळवून पाहणे, हा क्रम सुरक्षित मानला जातो.

वर्गणी व पावत्या

२०१६ पासून उपलब्ध झालेल्या यूपीआय व्यवस्थेमुळे वर्गणी थेट बँक खात्यात जमा होऊ लागली. ज्येष्ठ सभासदाची वर्गणी मुलाच्या किंवा सुनेच्या खात्यातून आल्यास बँकेच्या उताऱ्यावरील नाव आणि सभासदाचे नाव जुळत नाही. यासाठी रक्कम भरणाराने सभासद क्रमांक नमूद करण्याची पद्धत ठेवावी व व्यवहार क्रमांक पावतीवर नोंदवावा. रोख भरणा करणाऱ्यांसाठी कागदी पावतीपुस्तक चालू राहिल्यास त्यातील क्रमांकही प्रणालीत नोंदणे आवश्यक ठरते.

गोपनीयता

सेवा क्लबांच्या छापील निर्देशिकांत सभासदांचे पत्ते, वाढदिवस, रक्तगट, तसेच कुटुंबीयांची माहिती देण्याचा प्रघात आहे. रक्तदानाच्या प्रसंगी ती उपयोगी पडते. परंतु संगणकीय रूपात हीच माहिती क्षणार्धात सर्वदूर पसरू शकते. अंकीय स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये अधिनियम संमत झाला. माहितीचा हेतू सांगणारी सूचना, संमती, तसेच माहिती दुरुस्त करून घेण्याचा अधिकार ही त्यातील प्रमुख तत्त्वे होत. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. ही सूचना इंग्रजीत अथवा मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावयाचा असतो.

प्रणालीत प्रत्येक पदाधिकाऱ्यास कामापुरताच प्रवेश देता येतो. उदाहरणार्थ, खजिनदारास वर्गणीच्या नोंदी, तर रक्तदान शिबिराच्या संयोजकास केवळ रक्तगट व दूरध्वनी क्रमांक पाहता येतील अशी योजना करता येते.

हस्तांतरण व मर्यादा

सेवा क्लबांतील पदाधिकारी बहुधा दरवर्षी बदलतात. प्रणालीचे खाते एखाद्या व्यक्तीच्या खासगी ई-मेलवर उघडलेले असल्यास ती व्यक्ती पदावरून जाताच, अथवा तिचे निधन झाल्यास, संस्थेला आपलेच दप्तर उघडता येत नाही. म्हणून खाते संस्थेच्या नावाने असावे, किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे पूर्ण अधिकार असावेत आणि पदग्रहणाच्या वेळी पूर्वीच्या पदाधिकाऱ्यांचे प्रवेश बंद करावेत. नोंदींची प्रत ठरावीक काळाने प्रणालीबाहेर सामान्य तक्त्याच्या रूपात जतन केल्यास प्रणाली बदलण्याची वेळ आली तरी संस्थेचे दप्तर अबाधित राहते.

पंधरा-वीस सभासदांच्या मंडळास नीट ठेवलेली वही किंवा एक तक्ता पुरेसा होतो. प्रणाली स्मरणपत्र पाठवू शकते, परंतु वर्गणी का थकली हे सांगू शकत नाही. आजारपण, स्थलांतर किंवा आर्थिक अडचण ही कारणे प्रत्यक्ष विचारपूस केल्यानेच समजतात. सभासदाचे नाव कमी करण्याचा निर्णय त्यामुळे कार्यकारिणीकडेच राहतो.