केबल लेबलांची मांडणी (वायरिंग आकृती)

केबल लेबलांची मांडणी म्हणजे संगणकावर काढलेल्या वायरिंग आकृतीत प्रत्येक केबलची ओळख सांगणारा मजकूर वाचनीय आणि निःसंदिग्ध रीतीने योग्य जागी ठेवण्याची पद्धत होय. आकृतीतील लेबल आणि प्रत्यक्ष केबलवरील खूण यांच्या आधारेच दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ कोणती केबल बंद करावयाची हे ठरवतो. त्यामुळे चुकीच्या जागी पडलेले लेबल अपघातास कारण ठरू शकते.

लेबलमधील माहिती

लेबलमध्ये सामान्यतः केबलचा क्रमांक, गाभ्यांची (कोअर) संख्या, वाहकाचे क्षेत्रफळ आणि केबलची दोन्ही टोके यांची नोंद असते. 'साडेतीन कोअर, ९५ चौ. मिमी' या नोंदीचा अर्थ तीन पूर्ण आकाराचे फेज वाहक आणि सुमारे निम्म्या आकाराचा एक न्यूट्रल वाहक असा होतो. आयईसी ८१३४६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केबलसाठी 'डब्ल्यू' हे वर्गाक्षर वापरतात. ओळखचिन्हातील बरोबरचे चिन्ह कार्य, अधिक चिन्ह स्थान आणि उणे चिन्ह वस्तू दर्शविते. केबल व गाभ्यांवरील प्रत्यक्ष लेबलांसाठी आयईसी ६२४९१ हे मानक आहे.

मांडणीचे नियम

विद्युत आकृत्यांच्या आयईसी ६१०८२ या मानकानुसार मजकूर कागदाच्या खालच्या किंवा उजव्या कडेकडून वाचता आला पाहिजे. आडव्या रेषेचे लेबल रेषेच्या वर आणि उभ्या रेषेचे लेबल डावीकडे ठेवतात. लेबलाने दुसरी रेषा, चिन्ह किंवा टर्मिनल क्रमांक झाकू नये. समांतर रेषांच्या दाटीत लेबल रेषेपासून दूर न्यावे लागल्यास ते निर्देशक रेषेने जोडतात. केबल अनेक पानांवर पसरली असल्यास प्रत्येक पानावर तोच क्रमांक देतात.

सुटा मजकूर आणि गुणधर्म

आरेखनात लेबल सुट्या मजकुराच्या रूपात टंकलिखित केल्यास केबलची रेषा हलवली तरी मजकूर जागच्या जागी राहतो आणि शेजारच्या केबलचा वाटू लागतो. हे टाळण्यासाठी लेबल केबलच्या चिन्हाचा गुणधर्म म्हणून नोंदवतात. त्यामुळे रेषेबरोबर लेबलही हलते आणि केबलची यादी त्याच नोंदीतून तयार होते. ई-प्लॅन, ऑटोकॅड इलेक्ट्रिकल आणि मुक्त स्रोत असलेले क्यूइलेक्ट्रोटेक ही अशा आरेखनाची काही साधने आहेत.

स्वयंचलित मांडणी

एकमेकांवर न येणारी लेबले बसवण्याचा प्रश्न नकाशाशास्त्रातही आहे. स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी नकाशावरील नावांच्या मांडणीची तत्त्वे मांडली. बिंदूंभोवती लेबले बसवण्याचा सर्वसाधारण प्रश्न एनपी-कठीण असल्याचे १९९१ मध्ये दाखवले गेले. म्हणजेच लेबले वाढत गेल्यास सर्वोत्तम मांडणी हमखास आणि झटपट शोधणारी रीत ज्ञात नाही. म्हणून संगणकप्रणाली पुरेशी चांगली मांडणी सुचवतात आणि आरेखकाला ती तपासावी लागते.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

धाराशिव जिल्ह्यात भूम व वाशी परिसराच्या पठारी भागात पवनचक्क्या आहेत, तर इतरत्र सौर वीजप्रकल्पही आहेत. सौर प्रकल्पात पॅनेलांच्या माळा इन्व्हर्टरला जोडणाऱ्या, सारख्याच दिसणाऱ्या केबल मोठ्या संख्येने असतात. या केबलमध्ये १,००० ते १,५०० व्होल्टपर्यंत एकदिश दाब असू शकतो. सूर्यप्रकाशात पॅनेल वीज निर्माण करीतच राहतात. त्यामुळे इन्व्हर्टर बंद केल्यावरही केबलमध्ये दाब टिकतो. विद्युत प्रवाह चालू असताना चुकीच्या केबलची जोडणी उघडल्यास विद्युत ठिणगीची ज्वाळा निर्माण होते. अशा ठिकाणी माळेचा क्रमांक, ध्रुवता आणि इन्व्हर्टरचा क्रमांक लेबलमध्ये आवश्यक ठरतात.

२०२३ मध्ये उस्मानाबादचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. ठिकाणाच्या नावाचे आद्याक्षर केबल क्रमांकात असल्यास अशा बदलानंतर अडचण उद्भवते. गुणधर्मात साठवलेली स्थानाची नोंद एकदा बदलली की ती आकृतीच्या सर्व पानांवर बदलते. परंतु केबलवर चढवलेल्या फेरूलांवर जुनेच अक्षर राहते. म्हणून केबलची कायम ओळख गावाच्या नावावर न बेतता अंकांत ठेवणे आणि स्थानाची नोंद वेगळी करणे सोयीचे ठरते. क्रमांक बदलणे अपरिहार्य असल्यास आकृती, केबल यादी आणि फेरूल एकाच वेळी बदलून जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता ठेवतात.