युटाच्या खोऱ्यातील धूलिकण

अमेरिकेच्या पश्चिम भागातील युटा राज्यात, वॉसॅच पर्वतरांगेच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,400 मीटर उंचीवर एक खोरे आहे. पूर्वेस पर्वत, पश्चिमेस युटा सरोवर आणि या दोहोंमधील पट्टीत प्रोव्हो, ओरेम इत्यादी गावे वसलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, समुद्रकिनाऱ्यापासून दूर व म्हणून शत्रूच्या माऱ्यापासून सुरक्षित अशी जागा पाहून, या सरोवराच्या काठी पोलादाचा एक प्रचंड कारखाना उभारण्यात आला. तो जिनिव्हा या नावाने ओळखला जाई. युद्ध संपले, पण कारखाना चालूच राहिला आणि खोऱ्यातील अनेक कुटुंबांची चूल त्याच्यावर पेटू लागली. त्याच्या धुराड्यांतून निघणारा धूर हा लोकांच्या दृष्टीने भरभराटीचीच खूण होती.

हिवाळ्यात मात्र या धुराचे रूप पालटत असे. एरवी जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची हवा थंड असते. उबदार हवा हलकी असल्यामुळे वर चढते व आपल्याबरोबर धूरही वर नेते. परंतु हिवाळ्यात बर्फाने आच्छादलेली जमीन आपल्यालगतची हवा गारठवून टाकते. मग खाली थंड व जड हवा, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर, अशी उलटी रचना होते. हा वरचा थर भांड्यावरील झाकणासारखा वागतो. डोंगरांच्या कुशीत कोंडलेला धूर कित्येक दिवस हलत नाही. सूर्य दिसतो तोही मळकट.

या कोंडलेल्या धुराने माणसाच्या प्रकृतीस नेमका किती अपाय होतो? लंडन शहरात डिसेंबर 1952 मध्ये दाट धुरक्याने हजारो माणसे दगावली होती, तेव्हा अतिशय दूषित हवा प्राणघातक असते हे कोणी नाकारीत नव्हते. वाद होता तो त्यापुढचा. हवा थोडीशी मळकट असली, सरकारी मर्यादेच्या आसपास असली, तर काय? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने मिळवणे जवळजवळ अशक्य होते. एका संपूर्ण खोऱ्यातील लोकांना वर्षभर धुरात ठेवायचे आणि वर्षभर त्यातून बाहेर काढायचे, असा प्रयोग कोण करणार, आणि कोण करू देणार?

तो प्रयोग आपोआप घडून आला. 1 ऑगस्ट 1986 रोजी मालक आणि कामगार यांच्यातील तंट्यामुळे कारखाना बंद पडला. तब्बल तेरा महिने त्याच्या भट्ट्या थंड होत्या. सप्टेंबर 1987 मध्ये नव्या मालकांच्या हाती तो पुन्हा सुरू झाला. कामगारांच्या दृष्टीने हा काळ हलाखीचा होता. परंतु विज्ञानाच्या दृष्टीने पाहता, मध्ये एक निर्धूर हिवाळा आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे धुराचे हिवाळे, अशी नामी मांडणी आयतीच हाती आली होती.

ही मांडणी ओळखली ती आर्डेन पोप यांनी. प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील हे प्राध्यापक वैद्य नव्हते की रसायनज्ञही नव्हते. त्यांचा विषय अर्थशास्त्र. पण आकड्यांच्या राशीतून कार्यकारणाचा धागा वेगळा काढणे हेच अर्थशास्त्रज्ञाचे नित्याचे काम असते, आणि येथे नेमकी त्याचीच गरज होती. खोऱ्यात 1985 पासून हवेतील बारीक धूलिकण मोजले जात होते. ज्या कणांचा व्यास 10 मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो त्यांना ‘पी. एम. 10’ असे म्हणतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणपणे 50 ते 70 मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. पोप यांनी एका बाजूला या कणांच्या नोंदी मांडल्या आणि दुसऱ्या बाजूला रुग्णालयांची दप्तरे: श्वासनलिकेचा दाह, न्यूमोनिया, दमा यांसाठी कोणत्या महिन्यात किती रुग्ण दाखल झाले याचा हिशेब.

1989 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मोठा बोलका होता. कारखाना चालू असताना ज्या हिवाळ्यांच्या नोंदी होत्या, त्यांत रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांची संख्या बंद काळातील हिवाळ्याच्या दुप्पट ते तिप्पट होती. ज्या महिन्यांत चोवीस तासांतील कणांचे प्रमाण दर घनमीटरला 150 मायक्रोग्रॅमच्या वर गेले, त्या महिन्यांत दाखल झालेल्या मुलांची सरासरी जवळजवळ तिपटीवर पोहोचली. प्रौढांमध्ये ही वाढ 44 टक्के होती. (150 ही अमेरिकेने 1987 मध्ये ठरविलेली चोवीस तासांची मर्यादा होय. भारतात 2009 च्या मानकांनुसार ती 100 आहे.)

यावर आक्षेप निघणे स्वाभाविकच होते. पहिला आक्षेप तंबाखूचा. फुफ्फुसाच्या विकारांत धूम्रपानाचा वाटा एवढा मोठा असतो की, त्यापुढे बाकीची कारणे झाकोळून जातात. परंतु युटा खोऱ्यातील बहुसंख्य लोक मॉर्मन पंथाचे, आणि त्या पंथात तंबाखू वर्ज्य. त्यामुळे येथे तंबाखूचा धूर हिशेबात फारसा लुडबुड करीत नव्हता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता. लहान मुलांच्या श्वसनमार्गास पछाडणाऱ्या एका विषाणूची साथ दर हिवाळ्यात कमीअधिक जोराने येते. कारखाना बंद असलेल्या हिवाळ्यात ही साथच सौम्य असेल, तर? केवळ एका हिवाळ्याच्या तुलनेवर हा वाद मिटण्यासारखा नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

म्हणून पोप व त्यांचे सहकारी निरनिराळ्या दिशांनी त्याच प्रश्नाकडे वळले. त्यांतील एक दिशा शाळांकडे जाते. 1992 मध्ये पोप आणि रॅन्सम यांनी प्राथमिक शाळांची हजेरीपुस्तके तपासली. दर घनमीटरला कणांचे प्रमाण चार आठवड्यांच्या सरासरीने 100 मायक्रोग्रॅमने वाढले, की मुलांची गैरहजेरी सुमारे 40 टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळून आले. रुग्णालयाच्या दप्तरात ज्या मुलाचे नाव कधीच चढत नाही, पण जे खोकत घरी पडून राहते, त्याची नोंद शिक्षकाच्या हजेरीपुस्तकात असते. ते पुस्तक विज्ञानाच्या कामी यावे, ही कल्पनाच सुंदर म्हटली पाहिजे. त्याच वर्षी मृत्यूंचाही हिशेब प्रसिद्ध झाला: कणांच्या पाच दिवसांच्या सरासरीत तेवढीच वाढ झाली असता दररोजच्या मृत्यूंत सुमारे 16 टक्के वाढ दिसून आली.

पुढे हे संशोधन खोऱ्याबाहेर पडले. 1993 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील डॉकरी, पोप आणि इतरांनी अमेरिकेतील सहा शहरांतल्या 8,111 प्रौढांचा 14 ते 16 वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. वय, धूम्रपान इत्यादी गोष्टी हिशेबात घेऊनही, सर्वांत दूषित शहरातील मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा 26 टक्क्यांनी अधिक भरले. 1995 मध्ये 151 शहरी विभागांतील साडेपाच लाखांहून अधिक माणसांच्या पाहणीतूनही तीच दिशा दिसली. दोन्ही पाहण्यांत सर्वाधिक दोषी ठरले ते अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान कण. 1997 मध्ये अमेरिकी शासनाने या कणांसाठी स्वतंत्र मर्यादा घातली, तेव्हा उद्योगांच्या बाजूने मोठे वादळ उठले. मूळ आकडेच दाखवा, अशी मागणी झाली. अखेर ते आकडे त्रयस्थ संशोधकांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांनी सारा हिशेब नव्याने मांडून 2000 मध्ये जो अहवाल दिला, त्यात मूळ निष्कर्ष टिकून राहिले.

तरीही एक गोष्ट उरलीच होती. आकडे जुळले, पण शरीरात घडते काय? मोठे कण नाकातील केसांत व श्वासनलिकेच्या श्लेष्म्यात अडकतात आणि खोकल्यावाटे बाहेर पडतात. अगदी लहान कण मात्र पार वायुकोशांपर्यंत, म्हणजे जेथे रक्त आणि हवा यांची देवघेव चालते तेथवर, जाऊन पोहोचतात. तेथे ते काय करतात, याचे उत्तर पुन्हा त्याच खोऱ्यातून मिळाले. हवा मोजताना तिच्यातील कण ज्या गाळणकागदांवर धरले होते, ते कागद जपून ठेवलेले होते. ग्यो आणि डेव्हलिन या संशोधकांनी कारखाना बंद पडण्यापूर्वीचे, बंद काळातील आणि पुन्हा सुरू झाल्यानंतरचे असे तीन काळांचे कागद घेऊन त्यांतील कणांचा पाण्यात अर्क काढला. त्या अर्काची अल्प मात्रा निरोगी स्वयंसेवकांच्या फुफ्फुसाच्या एका भागात सोडून एका दिवसाने तो भाग धुऊन तपासण्यात आला. कारखाना चालू असतानाच्या अर्कांनी दाह उत्पन्न केला होता. बंद काळातील अर्काने तसा दाह केला नाही. स्वयंसेवकांना दिलेले वजन तिन्ही वेळा सारखेच होते. फरक होता तो कणांच्या घटकांत, आणि संशयाची सुई वळली ती त्यांतील धातूंकडे. 2001 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. विषाणूच्या साथीचा आक्षेप येथे लागूच पडत नव्हता, कारण गाळणकागदाला साथ येत नाही.

योगायोग असा की, त्याच वर्षी जिनिव्हाचा कारखानाही थांबला, आणि पुन्हा कधी सुरू झाला नाही. धुराडी पाडण्यात आली व त्या जागी घरे उभी राहिली. हिवाळ्यातील उबदार हवेचे झाकण मात्र अजूनही त्या खोऱ्यावर येऊन बसते. त्याच्याखाली आता भट्ट्यांचा धूर नाही. मोटारींच्या धुरातील वायूंपासून हवेतच तयार होणारे नायट्रेटचे सूक्ष्म कण तेथे साचतात, आणि मोजमापाची यंत्रे त्यांचीही नोंद ठेवीत असतात.