धरणाच्या पोटातली रेघ

11 डिसेंबर 1967. पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. कोयनानगर कोसळलं, सुमारे 180 माणसं गेली, मुंबईची वीज गेली. हे सगळं आपल्याकडे पुष्कळदा लिहून झालंय. मला मात्र कितीतरी वर्षं वेड लावलंय ते त्या पहाटे उमटलेल्या एका वेड्यावाकड्या रेघेनं.

कोयना धरणाच्या 1-अ या ठोकळ्यात, पायाजवळच्या गॅलरीत एक त्वरणमापक बसवलेला होता. जमीन हलली की तो आपोआप सुरू व्हायचा आणि प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर रेघ ओढायचा. इतक्या जोराच्या भूकंपात, नाभीच्या इतक्या जवळ आणि प्रत्यक्ष धरणाच्या आत उमटलेली अशी नोंद तेव्हा जगात दुर्मीळ होती. नदीच्या दिशेनं गुरुत्वाकर्षणाच्या 0.49 पट, उभ्या दिशेनं 0.34 पट त्वरण. धरणाचं गणित करताना धरलं होतं 0.05.

पण नुसता आकडा दसपट निघाला म्हणून ही रेघ मोलाची नाही. तिच्यातले दाते किती दाटीनं आलेत ते बघावं.

त्यासाठी थोडं मुळशीला येऊ. टाटांचं मुळशी धरण कोयनेपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दोन्हीकडे सह्याद्रीचा तोच बेसाल्ट. खडक दाबत-सैल करत जाणारी पी लाट सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते, आडवं हलवणारी एस लाट साडेतीन. म्हणजे मुळशीला पहिला हादरा सुमारे 21 सेकंदांनी पोचणार, दुसरा 36 सेकंदांनी. मधल्या पंधरा सेकंदांवरून भूकंप किती दूर झाला हे कळतं. भूकंप लहान असो की मोठा, हा हिशेब बदलत नाही. लाटेचा वेग ठरवतो तो खडक; धक्क्याच्या जोरावर लाट जास्त वेगानं पळत नाही. एस लाट तर मुळशीच्या तलावाच्या पाण्यातून जातच नाही, कारण आडव्या ओढीला पाणी विरोध करत नाही.

वारंवारता मात्र उगमाची. सेकंदाला तीन हेलकावे घेऊन निघालेली लाट माध्यम बदललं तरी तीनच घेते. बदलते ती तरंगलांबी. एस लाटेची लांबी खडकात सव्वा किलोमीटरच्या जरा आत, तर सेकंदाला अडीचशे मीटरच वेग देणाऱ्या मऊ मातीत ती जेमतेम 80 मीटर. वेग घटला की ऊर्जा थोडक्या जागेत दाटते आणि आयाम, म्हणजे हेलकाव्याची झेप, वाढतो. म्हणून कातळावरच्या घरापेक्षा मातीवरचं घर जास्त हलतं. आणखी एक: दाट दात्यांची थरथर वाटेतच विरते, संथ हेलकावे दूरवर जातात. सव्वाशे किलोमीटरवर जो झुलवा जाणवेल, तो कोयनेच्या पायथ्याशी नुसती कडाडती थरथर होता.

आणि ही थरथर नेमकी धरणाला मानवणारी निघाली. 103 मीटर उंचीच्या या भिंतीची स्वतःची वारंवारता, पाणी न धरता, सेकंदाला तीनच्या आसपास. झोक्याला बरोबर वेळेवर हात लावला की तो चढत जातो, तसा भिंतीचा माथा चढत्या आयामानं झुलू लागला. त्यात सुमारे 92 मीटर पाण्याचा रेटा.

तडे गेले ते पायात नाहीत, वर, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या मानेपाशी. जुन्या गणितात भूकंपाचं बळ पायापासून माथ्यापर्यंत एकसारखं धरलेलं; त्यात ही मान धोक्याची ठरतच नव्हती. बर्कलेचे अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी कोयनेची हीच रेघ गणितात घालून धरण कसं हललं ते मांडलं. 1973 साली छापलेल्या त्यांच्या निबंधात सर्वांत जास्त ताण नेमका त्या मानेपाशी निघतो.

मी त्या काळच्या अभियंत्यांना दोष देत नाही. दख्खन म्हणजे स्थिर भूखंड अशीच तेव्हाची समजूत होती, आणि 0.05 एवढाच गुणांक धरण्याची रीत परदेशातही होती. चूक समजुतीत होती: बळ किती एवढंच मोजायचं, ते सेकंदाला किती वेळा येतं हे विचारायचंच नाही. आज जगभरचे विद्यार्थी काँक्रीटच्या धरणाचं गणित शिकताना कोयनेवर हात बसवतात. ॲबॅकससारख्या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांतही हेच धरण आहे.

भूकंप धरणामुळेच झाला का, हा वाद बरीच वर्षं चालला. मुळशी धरणाविरुद्ध 1921 साली झालेल्या सेनापती बापटांच्या सत्याग्रहात जमिनीचा प्रश्न होता. पाण्याचा भार खडकाला काय करतो हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. तलावाशी भूकंपांचा संबंध अमेरिकेत कार्डर यांनी मांडला तोच 1945 साली. हर्ष गुप्ता आणि रस्तोगी यांचं ‘डॅम्स अँड अर्थक्वेक्स’ हे पुस्तक 1976 सालचं. भूकंप जलाशयामुळे झाला, या त्यांच्या बाजूचं माझं मत आहे. 1962 साली कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, भरू लागला आणि धक्के सुरू झाले. 1985नंतर वारणेचा जलाशय भरला, तसे ते दक्षिणेकडे सरकले. एवढा मेळ मला योगायोग वाटत नाही.

धरणाच्या मानेला नंतर मागून काँक्रीटचे टेकू दिले. इकडे कऱ्हाडच्या भूभौतिक प्रयोगशाळेनं कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विवर घेतलं. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला, खाली ग्रॅनाइट. पुढे आणखी खोल उतरून, दाट दाते वाटेत विरायच्या आधीच लाटा उगमापाशी टिपायच्या, असा बेत आहे.