कॅलेंडरवर न मावणारं शास्त्र

मराठी ख्रिस्ती घरात, मग ते अहमदनगरकडचं असो की वसईचं, भिंतीवर वचनाचं कॅलेंडर बहुधा असतंच. वर चित्र, मध्ये ठळक अक्षरांत एक वचन, खाली तारखा. पास झालेल्या मुलाला, नोकरी गेलेल्या जावयाला, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर याच वचनांपैकी एखादं जातं. पहिला मान बहुतेक वेळा यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातल्या अकराव्या वचनाचा. देवाचे तुमच्याविषयीचे बेत भल्याचे आहेत, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. धीर द्यायला याहून चांगलं काय सापडणार?

पण ते वचन जिथून उचललंय तो अध्याय सहसा कुणी वाचत नाही. तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम जिंकलं आणि राजा, सरदार, सुतार-लोहार अशी कामाची माणसं धरून नेली. त्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून हे पत्र धाडलं. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात भर लोकांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू ओढून तो मोडूनही टाकतो. लोकांना हनन्याच पटला असणार. आपल्यालाही पटला असता. यिर्मया मात्र पत्रात लिहितो की तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहराने तुम्हाला कैद केलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं जायची आहेत. आणि या सत्तर वर्षांच्या वाक्याला लागूनच ते कॅलेंडरवालं वचन येतं. म्हणजे पत्र ऐकायला बसलेल्यांत जे चाळिशीचे होते, त्यांनी परतीचा दिवस कधीच पाहिला नसणार. त्यांच्या वाट्याला आली ती बाबेलमधली बाग.

हे कळल्यावर वचनाचं बळ कमी होत नाही, उलट वाढतं, असं मला वाटतं. लवकर बरं व्हाल असं ते कुठे सांगतच नाही. लांबलेल्या दुखण्यातही पेरायचं काय, हे सांगतं. ज्याच्या घरी डायलिसिस चालू आहे त्याला हनन्याची दोन वर्षं नकोत, यिर्मयाची बाग हवी.

ईयोबाच्या पुस्तकाबाबत याहून मजेशीर प्रकार घडतो. आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल, अशा अर्थाचं आठव्या अध्यायातलं वाक्य वचनकार्डांवर आवडीने छापलं जातं, नव्या दुकानाच्या उद्घाटनालाही चालतं. ते बोलतो कोण? बिल्दद. ईयोबाची मुलं एका दिवसात गेलेली, अंगभर फोड, तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतोय, आणि बिल्दद त्याला सुनावतोय की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून मेली, तू सरळ असशील तर पुन्हा भरभराट होईल. अलीफज, बिल्दद, सोफर हे तिघे वाईट नव्हते. आधी सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तेवढं करून उठले असते तर त्यांचं नाव आदराने निघालं असतं. पण ते बोलू लागले, आणि जे बोलले त्यातली वाक्यं सुटी सुटी काढली तर धर्माला धरूनच आहेत. शेवटच्या, बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा कोप होतो तो मात्र त्यांच्यावर. जन्मदिवसाला शाप देणारा, देवालाच कोर्टात उभं करू पाहणारा ईयोब नीट बोलला, असा निवाडा खुद्द देव देतो. सांत्वनाला निघालेल्या माणसाने हा निवाडा ध्यानात ठेवून जिना चढावा.

परीक्षेच्या वेळी शास्त्र कसं वाचावं याचा मराठीतला सगळ्यात भक्कम दाखला म्हणजे पंडिता रमाबाई. रमाबाईंच्या आयुष्यात संकटं इतकी आहेत की चरित्रकाराची ती मांडताना दमछाक होते. १८७४ मध्ये तीर्थाटनात, दुष्काळाच्या दिवसांत वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मागोमाग आई, मग बहीण. भाऊ श्रीनिवासबरोबर त्या उपाशीतापाशी देश पालथा घालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. १८८० मध्ये तो भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. पदरी वर्षही न भरलेली मनोरमा. शास्त्राशी गाठ पडली ती याच संसारात, सिल्चरला. घरातल्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांना सापडली. ती तिथे आली कशी हे त्यांनाही उमगलं नाही, असं त्या स्वतःच्या साक्षीत लिहितात.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कानांनी दगा दिला, ऐकू येईनासं झालं आणि तो बेत बारगळला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज गावी स्वतःचं आयुष्य संपवलं. परक्या मुलखात, मांडीवर लेक, कान गेलेले, सोबतीण गेलेली. त्या वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथेच रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

त्याआधी लंडनच्या फुलहॅम भागात निराश्रित, ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं होतं. या बायकांना एवढ्या मायेने का वागवता, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट उलगडून सांगण्यात आली. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली बाई, पाच नवरे झालेली, आणि येशू तिच्याशीच धर्माची लांबलचक चर्चा करतो. मन वळलं ते या गोष्टीने, असं त्या सांगतात. या प्रसंगात येशू त्या बाईला उपदेशाचं एखादं वाक्य हातावर ठेवून वाटेला लावत नाही. ती प्रश्न विचारते, मध्येच विषय बदलते, कोणत्या डोंगरावर उपासना करायची हा जुना तंटा उकरून काढते, आणि तो प्रत्येकाला उत्तर देतो. पुराणं मुखोद्गत असलेल्या, वादविवादात पंडितांना गप्प करणाऱ्या बाईला अशीच गोष्ट भावायची!

आणि बाप्तिस्म्यानंतर सुरू झाली खरी कसोटी. ती आली स्वकीयांकडून, म्हणजे नव्या धर्मातल्या स्वकीयांकडून. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटे की रमाबाईंनी चर्च सांगतं ते मानावं. रमाबाईंचा हेका असा की मी बायबल मानीन, पण हे बायबलात कुठे आहे ते दाखवा. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून, अथनासियसच्या मतांगीकारावरून दोघींत पत्रांमागून पत्रं झाली. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा रमाबाईंचा सवाल. अंडं घातलेलं पुडिंग त्या खात नसत, त्यावरूनही भगिनींचं मन दुखावलेलं. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्याच्या जोखडाखाली मान द्यायला नव्हे, अशा आशयाचं त्या स्पष्ट लिहून मोकळ्या झाल्या. चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांनी मात्र त्यांना वाद घालू दिला, वाचू दिलं. श्रद्धा टिकली ती या मोकळीकीमुळे, असं माझं मत आहे. शंका बोलून दाखवायला जागा मिळाली नसती तर रमाबाई किती दिवस टिकल्या असत्या?

पुढची कसोटी मायदेशी परतल्यावरची, पुण्यातली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेलं त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन वर्ष-दीड वर्षात पुण्याला आलं. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याची हमी होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, पण दार बंद करत नसत, आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. विश्वासाने विधवा लेकी पाठवल्या होत्या त्यांनी. रमाबाईंची बाजूही समजते: स्वतःच्या खोलीत तरी प्रार्थना लपून का करावी? या वादळाच्या थोडं आधी, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, त्यांना जाणवलं होतं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण ख्रिस्त मिळालेला नाही. इतक्या उशिराची ही कबुली १९०७ च्या साक्षीत त्यांनी उघड छापली आहे. विश्वासाची शिडी वरच जाते असं मानणाऱ्यांनी ती वाचावी.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातली उपाशी माणसं पाहून त्यांना स्वतःचे १८७४ चे दिवस आठवले आणि तिथून शेकडो मुली-बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, म्हणून मुक्काम दौंडजवळच्या केडगावला. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि शतक पालटताना तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

या सगळ्या रगाड्यात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून बायबलचं मराठी करायला बसल्या. साध्या शिकलेल्या बायकांना समजेल असं त्यांना हवं होतं. छापखाना मुक्तीचाच. खिळे जुळवायला, कागदाच्या घड्या घालायला तिथल्याच मुली. मला या कामाचं मोल वाटतं ते एका कारणासाठी: कॅलेंडरवाल्याला वचन निवडता येतं, भाषांतर करणाऱ्याला एकही वगळता येत नाही. बिल्ददाची भाषणं करावी लागतात, यिर्मयाचा त्रागा करावा लागतो, विलापगीतांतली उपाशी पोरं मराठीत आणावी लागतात. ज्या बाईने स्वतः दुष्काळात आईबाप गमावले तिने ती पानं मांडीवर घेऊन, एकेक शब्द तोलत, मराठी करावीत!

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, वयाच्या चाळिशीत. मुक्तीची वारस म्हणून तिच्याकडेच डोळे लागलेले. रमाबाई थांबल्या नाहीत; भाषांतराचं काम संपवलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं.

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातली तृतीयांशाहून अधिक गाऱ्हाण्याची, असं अभ्यासक धरतात. किती वेळ रे देवा, झोपलास काय, तोंड का फिरवलंस, अशी. यातली बहुतेक शेवटाला वळतात, भरवसा किंवा स्तुती करून थांबतात. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. रात्रंदिवस हाक मारणारा तो माणूस मित्र दुरावल्याचं सांगतो आणि स्तोत्र अंधारातच संपतं. आजाऱ्याच्या उशाशी ते फारसं कुणी वाचत नाही. पण शास्त्र जमवणाऱ्यांनी ते गाळलं नाही, उपासनेच्या पुस्तकात ठेवलं. बाविसावं स्तोत्र तर शुभ शुक्रवारी आपल्या देवळांत दरवर्षी ऐकू येतं. दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं होतात. त्यातला चौथा उद्गार म्हणजे या स्तोत्राची सुरुवात. देवाने टाकलं अशी तक्रार खुद्द येशूने केली, तीही पाठ असलेल्या शब्दांत. स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा स्तोत्रं कामी येतात ती अशी.

मराठी माणसाला देवाशी भांडणं नवं नाही. नामदेव-जनाबाईंनी विठ्ठलाला शिव्या घातल्या, तुकोबांनी तर त्याला धारेवर धरलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत. आपल्या उपासनेच्या गीतांत टिळकांची इतकी गीतं रुळली, त्यामागे हीही ओळख असावी. 

नुसतं बोलणंही प्रत्येक वेळी उपयोगाचं नसतं, हे शास्त्राला ठाऊक आहे. ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया ईजबेलच्या भीतीने पळतो, रानात दिवसभराची वाट तुडवून एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. कालपरवाच कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला हा माणूस! देवदूत येऊन त्याला विश्वासाचा पाठ देत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो तोही खा म्हणूनच. देवाशी बोलणं होतं ते पुढे, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. सांत्वनाला जाताना घरून डबा नेणाऱ्या आपल्या मावश्या-आत्या हा अध्याय न वाचताही पाळतात.

रमाबाईंची वाँटेजच्या भगिनींशी झालेली पत्रं सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवली. ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. ज्याला ईयोब वाचायचा आहे त्याने हा ग्रंथ शेजारी ठेवावा. दोन्हीकडे मित्रमंडळी मनाने चांगली आहेत, आणि दोन्हीकडे त्यांचं बोलणं जरा लांबलंय.